लेकराच्या करदोड्यातलं जपानी जनावर

लेकराच्या कंबरेचा करदोडा तुटला होता अन् त्याच्यात ओवलेलं हस्तिदंती जनावर नव्हतं. लेकरू खोकून राह्यलं होतं. मी त्याले उलटं धरलं, पाठीवर थापट्या मारल्या, घशात बोट घातलं, लंगोट पाह्यला, काहीच नाही.

आवाजानं घरमालकीण बाई आल्या. "काय झालं गं?"

"ठसका लागला बाई," मी म्हटलं.

त्या साली बोंडअळीनं गावचा कापूस खाल्ला. येचाले काही राह्यलंच नाही, म्हनून मी यवतमाळले या बाईच्या घरी झाडूपोछ्याले लागली. दहा महिन्याचं लेकरू संगच आनत होती. बाईच्या सासऱ्यानं जपानातून डबाभर हस्तिदंती जनावरं आनले होते, एकेक सुपारीएवढं. नेत्सुके म्हनतेत. जुन्या काळी तिकडचे मानसं कंबरपट्ट्याले पिशवी लटकवत, तिची दोरी घसरू नये म्हनून हे वर अडकवत. पुसता पुसता बाईनं एक दाखवलं, हत्तीची सोंड, वाघाचे पाय.

"हा वाईट स्वप्नं खातो म्हणे. आमच्याकडे उपाशीच असेल, ह्यांना झोपच कुठे लागते."

माह्यं लेकरू रोज झोपीतून किंचाळत उठे. अन् जनावराच्या पोटाले दोन भोकं आधीच होते, ओवाले केल्यासारखे. कोनाले न इचारता लेकराच्या करदोड्यात ओवलं. दोन दिवसानं ठेवून देईन म्हटलं.

बाई परत गेल्या. मी भांडे घासत बसली, नजर लेकराच्या छातीवर. श्वास चालू हाय, चालू हाय. पोटात गेलं असन तं? सांगावं तं चोर म्हनतीन, काम जाईन, गावात तं कामच नाही. हात चालून राह्यले होते, तोंड उघडत नव्हतं. असा एक तास गेला.

मंग लेकराची गोधडी झटकली तं ते ठनकन फरशीवर पडलं, तेवढ्यात आलेल्या बाईच्या पायापाशी. काळा धागा अजून भोकातच होता.

बाईनं उचललं, धाग्याकडे पाह्यलं. "गिळलं असतं तर? मला सांगायचं नाही का?"

मी लेकराले उचलून पोटाशी धरलं.

काम टिकलं. डब्याले कुलूप लागलं, तेही ठीकच. पन तो तास काही जात नाही, त्याच्यानंच मी थकून जाते. माय असून मी पहिले काम पाह्यलं.

तुमी असत्या तं काय केलं असतं?