साडेसातपर्यंतचं पाळणाघर

लाजो आँटी गेल्याचा फोन आला तेव्हा मी पाळणाघरात एका पोराला मऊ भात भरवत होते. फोन त्यांच्या सुनेचा. "दीदी, मम्मी नहीं रही..." एवढंच. पाच आठवडे झाले या गोष्टीला, आता लपवण्यात काय अर्थ? मला आधी दुःख झालं नाही, लाज वाटली. गणपतीपासून मी त्यांच्याशी बोलले नव्हते.

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये त्यांचं चेन-बटणांचं दुकान. सहा वर्षांपूर्वी मी तिथं देणगी मागायला गेले. अंबरनाथच्या आनंदनगरला, कारखान्यांत पॅकिंगचं काम करणाऱ्या बायकांसाठी आमच्या संस्थेनं पाळणाघर काढलं होतं. पोरं यायची जेमतेम नऊ. असंच चाललं असतं तर कुलूप लावायची पाळी होती. खोली कळकट म्हणून बायका पोरं ठेवत नाहीत, असं माझं ठाम मत. भिंतींवर हत्ती-ससे रंगवू, खेळणी आणू, असा सगळा बेत मी ऐकवला. आँटींनी शांतपणे विचारलं, "जो बायका येत नाही, त्यांना विचारलं का?" त्यांचं मराठी हे असं. म्हटलं, त्यात विचारायचं काय? "अरे वा! मी गिऱ्हाईकाला न विचारता बटण देते काय?"

पुढच्याच आठवड्यात दुकान मुलावर टाकून बाई आनंदनगरला हजर. गुडघे दुखत होते, तरी तीन दिवस संध्याकाळी कंपनीच्या गेटसमोर चहाच्या टपरीवर बसल्या आणि सुटणाऱ्या बायकांना थांबवून थांबवून विचारत राहिल्या. निघालं काय, तर ओव्हरटाइम सातपर्यंत आणि आम्ही साडेपाचला बंद! मग धाकट्याला सांभाळायला थोरल्या मुलीला शाळा बुडवून घरी बसवायच्या. साडेपाचची वेळ मीच ठरवली होती, मला बदलापूरला वेळेत घरी पोचता यावं म्हणून. तोंडात मारल्यासारखं झालं. आँटींनी हत्ती-सशांना छदाम दिला नाही. संध्याकाळी साडेसातपर्यंत एक ताई ठेवायची आणि तिचा पगार त्या देणार, असं ठरलं. वर्षभरात खोली पुरेना. थोरल्या मुली पाठीला दप्तर लावून धाकट्यांना सोडायला येऊ लागल्या.

गेल्या गणपतीत त्यांनी मला दुकानात बोलावलं. "दिवाळीनंतर पगार मी देणार नाही. कंपनीकडून घे. ओव्हरटाइम त्यांचा, तर ताईचा पगार पण त्यांचा." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, असं मध्येच सोडून देता? "मध्येच नाही गं. मी आहे तोवर शिकून घे. नंतर कोणाला विचारशील?" मी ऐकूनच घेतलं नाही. समोरचा चहा तसाच ठेवून उठले. मग झक मारत कंपन्यांच्या पायऱ्या झिजवल्या. दोन साहेबांनी वाटाण्याच्या अक्षता लावल्या. शेवटी बायकांनीच सुपरवायझरला सुनावलं, पाळणाघर बंद झालं तर आम्ही ओव्हरटाइमला थांबणार नाही. दिवाळीच्या आत तीन कंपन्यांनी मिळून पगार उचलला. हे सांगायला मी धावत कॅम्प दोनला जायला हवं होतं. गेले नाही. घमेंड, दुसरं काय! गणपतीतच त्यांना आपलं दुखणं जीवघेणं असल्याचं कळलं होतं, हे सुनेनं मला नंतर सांगितलं.

फोन आला त्या दिवशी संध्याकाळच्या ताईनं विचारलं, "आज बंद ठेवायचं का?" मी नाही म्हटलं. स्मशानातून परत थेट पाळणाघरात आले. सात वाजून गेल्यावर एकेक आई येऊन आपलं पोर नेऊ लागली. त्यातली एक नवी, महिनाभराची ओळख. पोराला कडेवर घेता घेता म्हणाली, "काय झालं मॅडम, डोळे लाल दिसतात?"

"आमच्या लाजो आँटी गेल्या."

"त्या कोण हो?"

मी सांगायला तोंड उघडलं, पण पोर तिच्या खांद्यावर पेंगायला लागलं होतं. "उद्या सांगा ना मॅडम, उद्यापण ओव्हरटाइम आहे," म्हणत ती निघाली. उद्या पाळणाघर उघडं असेल का, हा प्रश्नच तिला पडला नव्हता. मग मात्र मी दार लोटून घेतलं आणि मोठ्यानं रडले.