मांडीखालचा गठ्ठा

आमच्या मंडईच्या कोपऱ्यावर पालेभाजी विकणाऱ्या मावशी पोत्यावर नेहमी जरा तिरक्या बसतात. गुडघा दुखत असेल, असं मला येता-जाता वाटायचं. परवा पहिल्यांदाच त्यांच्याकडे भाजी घ्यायला थांबले, तेव्हा कळलं, की डाव्या मांडीखाली प्लास्टिकच्या पिशव्यांचा गठ्ठा आहे. गिऱ्हाईक आलं, की त्या आधी त्याचा चेहरा बघतात, मग रस्त्याची दोन्ही टोकं, आणि मगच मांडी उचलतात.

माझ्यासाठी ती मांडी हलली नाही. "तुमची पिशवी काढा ताई, प्लास्टिकला बंदी आहे." माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाईंना मात्र पिशवी मिळाली.

"त्यांना बरी दिलीत?" मी विचारलं.

"त्या रोजच्या. तुमची पिशवी कापडी, वर इस्त्रीची घडी. असल्या पिशव्या घेऊन, गिऱ्हाईक बनून पालिकेची माणसंच येतात."

म्हणजे बंदी पाळणारी मीच संशयित! मग घरी येईस्तोवर मीही दिसेल त्या हातातली पिशवी संशयाने बघत राहिले. सोसायटीच्या सभेत बंदीच्या बाजूने सगळ्यांनी हात वर केले होते, मीही केला होता. पण हात वर असताना कुणाच्या मांडीखाली काय आहे, हे कोण बघतं?

घरी कोथिंबीर निवडली. ती फ्रिजमध्ये ठेवायला ओट्याखालच्या, पिशव्या कोंबून फुगलेल्या पिशवीत हात घातला. आतली एक प्लास्टिकची पिशवी ओढण्याआधी, घरात मी एकटीच असूनही, माझी नजर दाराकडे गेली.