रानकांद्याखालचं नाव

शेवंताबाई गेल्याचा फोन आला त्याला आता महिना होईल. "साधीभोळी बाई होती हो," पलीकडून कोणीतरी म्हणालं. साधीभोळी? अजिबात नाही! सडक अर्जुनीच्या आमच्या कॉलेजात, वनस्पतिशास्त्र विभागात वीस वर्षं परिचर असलेली ही बाई कोणाच्या बापाला भीत नव्हती. मेल्यावर तिची गरीब गाय करायचा हक्क कोणालाही नाही.

लिली कुळ शिकवताना मी फळ्यावर आकृत्या काढायचे आणि मुलं जांभया द्यायची. मग शेवंताबाई पुढे येऊन फुलाची एकेक पाकळी नखाने सोलायच्या. "तीन बाहेर, तीन अंदर. केसर सहा. पोट कापा, खोल्या तीन. झालं!" कळलावीच्या पानाचं टोक आधाराला कसं गुंडाळतं, ते त्यांनीच मुलांना कुंपणाच्या तारेपाशी नेऊन दाखवलं. एकदा बाहेरून आलेले परीक्षक रानकांद्याचा नुसता फुलांचा दांडा पाहून चिडले. पानं कुठे आहेत? "फूल हाय तं पान नाही, पान येते तं फूल नाही. थो कांदा तुमच्यासाठी थांबून राहील काय, सर?" परीक्षकांनी मुकाट्याने गुण दिले.

हे सगळे नमुने त्या कोहमाऱ्याकडच्या जंगलातून आणायच्या. वाळवून कागदावर चिकटवलेल्या प्रत्येक नमुन्याखालच्या चिठ्ठीवर 'संग्राहक' म्हणून नाव मात्र माझं. शेवंताबाईंना वाचता येत नव्हतं, पण एक दिवस त्यांनी रानकांद्याच्या चिठ्ठीवर बोट ठेवलं. "यात माह्यं नाव कुठी हाय, मॅडम?" शिक्षकाचंच नाव लिहायची पद्धत आहे, असं मी ठोकून दिलं. "कांदा म्या खोदला, इंचू मले चावला, अन् नाव तुमचं काऊन?" मला लाज वाटली... तरी चिठ्ठी बदलली नाही. त्यानंतरही त्या नमुने आणत राहिल्या आणि दरवेळी टेबलावर ठेवताना तेच विचारत राहिल्या. अगदी निवृत्तीच्या दिवशीसुद्धा.

गेल्या आठवड्यात मी त्या नमुन्यांचं कपाट उघडलं. एकेका कागदावरच्या माझ्या नावावर रेघ मारून खाली लिहायला घेतलं: संग्राहक, शेवंता मडावी. विभागप्रमुख दारात येऊन उभे राहिले.

"मॅडम, जुन्या नोंदी अशा बदलणं नियमात बसतं का?"

"सर, ही झाडं जिथे उगवतात ती जागा मी पाहिलेलीसुद्धा नाही. तरी मी आणली म्हणून लिहिलं. ते बसत होतं?"

ते निघून गेले. अजून बरेच कागद उरलेत. सगळे होईपर्यंत कपाटाची किल्ली मी कोणालाही देणार नाही.