‘नाही’ आणि ‘माहीत नाही’

बल्लारपुरात ‘नाही’ हा शब्द इतका जपून वापरणारा दुसरा माणूस नाही. हे वाक्य मी आमच्या शेजाऱ्यासमोर उच्चारलं असतं, तर त्याने चष्मा कपाळावर सरकवून, मयताला आल्यासारख्या गंभीर चेहऱ्याने विचारलं असतं, “सारं बल्लारपूर पाहून आले का, सर?” मग मला कबूल करावं लागलं असतं की पाहून आलो नाही, आपलं असंच म्हणालो. त्याच्या लेखी ‘नाही’ आणि ‘माहीत नाही’ ही दोन वेगळी गावं आहेत, आणि आपण सगळे एकाचं तिकीट काढून दुसऱ्याला उतरतो. मी पडलो मास्तर. माझ्याकडे उत्तर बरोबर असतं किंवा चूक असतं. तिसरा रकाना मी जन्मात आखला नाही. असा माणूस भिंतीला भिंत लावून राहायला मिळणं ही माझी शिक्षाच होती, आणि आज इतक्या वर्षांनी सांगतो, ती मी फार आनंदाने भोगली.

घरात तो आणि त्याची आई, एवढी दोनच माणसं. आईला सगळा मोहल्ला खाला, म्हणजे मावशी, म्हणतो, म्हणून मीही म्हणतो. खालांनी आतून विचारावं, साखर संपली का, आणि याने डबा उघडून, आत डोकावून, वरच्या फळीवर हात फिरवून सांगावं, “इस डब्बे में नहीं है.” बाकीच्या डब्यांविषयी तो बोलत नसे, कारण ते त्याने पाहिलेले नसत. खाला म्हणत, याला विचारण्यापेक्षा दुकानातून आणलेली लवकर येते. त्याचं लग्न झालं नाही तेही याच पायी. वणीहून एक चांगलं स्थळ आलं होतं. मुलीच्या मामांनी रिवाजाप्रमाणे विचारलं की मुलाला काही आजार-बिजार नाही ना. दुसरा कोणी हसून नाही म्हणाला असता. याने थोडा विचार करून सांगितलं की आजवर कळलेला नाही, पण तशा तपासण्याही केलेल्या नाहीत. मामांनी शिरखुर्म्याची वाटी अर्धीच खाली ठेवली. त्यानंतरच्या स्थळाला मी स्वतः बाजूला बसलो, त्याला बोलूच द्यायचं नाही असं ठरवून, तर त्यांनी मलाच विचारलं की मुलगा कसा आहे, आणि याने माझ्याकडे इतक्या अपेक्षेने पाहिलं, की माझ्या तोंडून निघून गेलं, “मी पाहिलं तेवढ्यात तरी चांगलाच आहे.” संगतीचा परिणाम होतो तो असा.

एकदा त्याच्या स्कूटरवरून आम्ही एका लग्नाला निघालो होतो. रस्ता जंगलातून जाणारा. वाटेत एक गुराखी भेटला, त्याला मी विचारलं, पुढे वाघ वगैरे काही आहे का. तो म्हणाला, काई नाई, जा बिनधास्त. मी खूश. पण आमच्या शेजाऱ्याने स्कूटर बंद करून त्याची उलटतपासणी घेतली: नाई म्हणजे पुढं जाऊन पाहून आले, का फक्त दिसला नाई? गुराखी बिचारा डोकं खाजवत म्हणाला, दिसला नाई. झालं. आम्ही पंचवीस किलोमीटरचा वळसा घालून पोचलो तेव्हा शेवटची पंगत उठली होती आणि नवरदेव बूट शोधत होता. मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही.

त्याला कामही नेमकं त्याच्या स्वभावाचं मिळालं. पुढच्या खोलीत कॉम्प्युटर ठेवून तो लांबच्या शहरातल्या एका कंपनीचं काम करतो. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या मोठ्या मशीनमध्ये भाड्याने घेतलेली खोली, एवढं त्याने मला सहा महिन्यांत शिकवलं. एका मोठ्या मशीनच्या पोटात अशी दहा-वीस मशीनं नांदतात आणि प्रत्येकाला वाटत असतं की सबंध घर आपलंच. त्यांना खोल्या वाटून देणारा, वीज-पाणी सोडणारा, पण स्वतः कधी न दिसणारा जो घरमालक, त्याला हायपरवायजर म्हणतात. हे घरमालकही चार-सहा प्रकारचे असतात. आमचा शेजारी ज्या छोट्या प्रोग्रामवर काम करतो त्याचं काम एवढंच, की मशीनवर उतरायचं आणि आपण कोणाच्या घरात आहोत ते सांगायचं. जुन्या धाटणीच्या प्रोसेसरला हे सरळ विचारता येत असे. तो बारा अक्षरांत नाव सांगून मोकळा होई. पण मग आली ती एआरएमची मशीनं, आपल्या मोबाइलमध्ये असतो त्याच घराण्यातल्या प्रोसेसरची. तिथे प्रोग्रामला तसं विचारायची सोयच नाही. मग खुणा बघायच्या. सुरू होताना मशीनला सामानाची जी यादी मिळते तिच्यात घरमालकाचा उल्लेख आहे का, डिस्क आणि नेटवर्क खरंखुरं आहे की भासवलेलं, दारावरच्या पाटीवर नाव कोणतं. त्यातही गोम अशी, की एखादी मोठी कंपनी भाड्याच्या खोलीवर जी पाटी लावते तीच सबंध बंगल्यावरही लावते.

आणि यातलं काहीच हाती लागलं नाही, की तो प्रोग्राम बिनदिक्कत लिहायचा: कोणी नाही. म्हणजे मी कोणाचा भाडेकरू नाही, हे घर माझं. यावर आमच्या शेजाऱ्याचं डोकं फिरलं. कंपनीतले वरिष्ठ म्हणत, घरमालक सापडला नाही म्हणजे नाही. हा म्हणे, तुम्हाला सापडला नाही एवढंच सिद्ध झालं. त्याने दहा ठिकाणची एआरएमची मशीनं भाड्याने घेतली, एकेकाची पाटी, यादी, सामान तपासत आठ महिने काढले, आणि अखेर प्रोग्रामला तिसरं उत्तर द्यायला भाग पाडलं. ‘माहीत नाही’. त्या दिवशी त्याने आमच्याकडे बालूशाही आणून दिली. मी म्हटलं, अरे, आठ महिने खपून उत्तर काय, तर माहीत नाही? त्यावर तो जे म्हणाला ते मला आजही शब्दशः आठवतं. “सर, नाई म्हटलं का शोधनं बंद होते. मालूम नाई म्हटलं का शोधाले जागा राहते.”

त्याला एक मोठा भाऊ होता. होता म्हणालो की तो लगेच मला अडवायचा, म्हणून सांभाळून लिहितो: त्याला एक मोठा भाऊ आहे. हा भाऊ सागवानावर नक्षी करणारा कारागीर. आज जिथे कॉम्प्युटर आहे त्या पुढच्या खोलीत त्याचं काम चाले. रंधे, पटाशा, लाकडाचा भुसा. धाकट्याला कंपनीचं काम लागलं, धूळ चालेना, तेव्हा भावाचं सामान मागच्या पत्र्याखाली गेलं. भांडण झालं नाही. भाऊ काही बोललाच नाही. पुढे तो तेलंगणाच्या सीमेवरच्या सिरोंचाला एका घराचे दरवाजे करायला गेला, दरवाजे करून दिले, आणि परत आला नाही. फोन बंद झाला. पोलिसांत हरवल्याची नोंद झाली. सिरोंचाच्या त्या घराच्या मालकाने फोनवर एवढंच सांगितलं की काम संपवून गेला. या गोष्टीला नऊ वर्षं होत आली. मोहल्ल्यातली माणसं हलक्या आवाजात म्हणू लागली की आता तो नाही. आमचा शेजारी प्रत्येकाला थांबवून दुरुस्त करी, “नाई नाई, मालूम नाई.” आम्ही समजायचो, खालांसाठी आशा धरून आहे बिचारा.

मग राशन कार्डावरच्या प्रत्येकाने अंगठा लावून ओळख पटवायचा हुकूम आला. दुकानदार म्हणाला, माणूस घेऊन या, नाही तर मयत म्हणून लिहून द्या. याने तिसरा रकाना मागितला. दुकानदाराच्या मशीनमध्ये तो नव्हता. हा तीनदा जाऊन आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी त्यांच्या अंगणातच होतो, खाला सुपात तांदूळ निवडत होत्या. मी वैतागून म्हणालो, लिहून टाक एकदाचं, किती दिवस हे ओढणार? तो म्हणाला, जे मालूम नाई ते कसं लिहून देऊ, सर. खालांनी मान वर केली नाही. तांदळातला खडा काढून बाजूला टाकला आणि म्हणाल्या, “मशीन का मालिक कौन, इसके वास्ते तू दस जगह ढूँढा. भाई के वास्ते सिरोंचा तक नहीं गया.”

मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण उठवेना. नऊ वर्षं मी त्याचं ‘मालूम नाई’ ऐकत होतो, आणि त्याच्या आत काय आहे हे मला एकदाही कळलं नव्हतं. शोधायला जागा राहावी म्हणून तो ते म्हणत नव्हता. गेला असता तर उत्तर मिळालं असतं, आणि त्या उत्तराला तो भीत होता. खालांना हे बहुधा पहिल्या वर्षापासून ठाऊक असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पिशवी घेऊन आमच्या दारात उभा. मला कामापुरतं तेलुगू येतं, म्हणून मी सोबत हवा होतो. आलापल्लीला बस बदलून आम्ही सिरोंचाला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. घर सापडलं. दरवाजा बघूनच तो थांबला. चौकटीवर भाताच्या लोंब्या कोरलेल्या होत्या, एकीसारखी दुसरी नाही. फोनवर बोललेले गृहस्थ वारले होते. त्यांची म्हातारी बायको बाहेर आली. तिने सांगितलं की कारागीर दोन पावसाळ्यांपूर्वी पुन्हा येऊन गेला, दाढी वाढलेली होती. आपला दरवाजा आता फुगत असेल म्हणाला, रंधा मारून दिला, जेवला आणि पूल ओलांडून तेलंगणात गेला. आमच्या शेजाऱ्याने तिला सोडलं नाही. तोच कशावरून? दाढी वाढलेली होती, तर ओळखला कसा? म्हातारी शांतपणे म्हणाली, आत यायच्या आधीच त्याने सांगितलं की खालची बिजागरी माझ्या हातून तिरपी बसलीय, ती काढतो. मी हे मराठीत सांगितलं. त्याने खाली बसून त्या बिजागरीवर बोट फिरवलं. मग त्याने मला विचारायला लावलं, घराविषयी काही बोलला का. म्हातारीने जरा आठवून सांगितलं की जेवताना मीच विचारलं होतं, बाबा, घरी कोण कोण आहे. तो म्हणाला, “एवरू लेरू.”

हे मला मराठीत सांगावं लागलं नाही. कोणी नाही, एवढं तेलुगू बल्लारपुरात वाढलेल्या सगळ्यांना येतं.

परतीच्या वाटेवर आलापल्लीला चहा घेताना तो म्हणाला, “पुढची खोली त्याचीच होती, सर.”

घरी पोचलो तेव्हा खाला अंगणात खाटेवर बसल्या होत्या. त्याने त्यांच्या पायाशी बसून सगळं नीट, क्रमाने सांगितलं: दोन वर्षांपूर्वीपर्यंत जिवंत, हे पक्कं, त्यानंतरचं अजून कळलेलं नाही, पुढच्या महिन्यात पुलापलीकडे जाऊन विचारणार. खालांनी दुआ मागून दोन्ही हात तोंडावरून फिरवले. कार्डावरचं नाव गेलं तर जाऊ दे, म्हणाल्या. मग त्यांनी हळूच विचारलं, “घर का नाम लिया क्या उसने? मेरा पूछा?”

तो माझ्याकडे बघत नव्हता. मी त्याच्याकडे बघत होतो.

“मालूम नहीं, अम्मी,” तो म्हणाला.

खाला म्हणाल्या, अरे, मग एवढं तरी विचारायचं होतंस. तो म्हणाला, हो, चुकलंच. आणि खाला सावकाश उठून आमच्यासाठी चहा टाकायला आत गेल्या. त्यांना ते पटलं की नाही, हे मी आजवर विचारलेलं नाही.