हत्तीकानाची बदली

रिटायर कारकून रोज संध्याकाळी एकाच कट्ट्यावर बसले की किस्स्यांना अळवासारखी पिल्लं फुटतात. एक उपटावा, तर खाली तीन निघतात. आमचे हे हत्तीकानाचे किस्से त्यातलेच.

हत्तीकान म्हणजे शोभेचा अळू, पान सुपाएवढं. आमच्या परभणीच्या जुन्या ऑफिसात तो पाण्याच्या टाकीमागं होता. टायपिस्ट शिंदेबाईंनी लावलेला. बाई रिटायर होऊन पुण्याला मुलाकडं गेल्या. इमारत पाडणार असं कळल्यावर त्यांचा फोन आला, "माझं झाड जगवा. श्रावणात येते, एक पिल्लू न्यायचंय." आम्ही तत्काळ हो म्हणालो. नोकरीत तीच सवय लागली होती.

*

गड्डा खणला. आमच्यासोबतच रिटायर झालेल्या मोरे साहेबांनी आम्हा तिघांत समान वाटपाचा निर्णय दिला आणि सुरीनं मोजून तीन तुकडे केले. आमचे जुने शिपाई सोपानराव पोखर्णीचे, शेतकरी माणूस. ते म्हणाले, "साहेब, डोळा बघून कापावं लागतंय."

साहेबांनी ऐकलं नाही. बिनडोळ्याचा, म्हणजे कोंबच न फुटणारा तुकडा माझ्या वाट्याला आला. मी त्याला दोन महिने पाणी घातलं. सोपानराव एकदा कुंडीत डोकावून म्हणाले, "एवढं पाणी धोंड्याला घातलं असतं तर देव तरी पावला असता."

*

साहेबांचा तुकडा मात्र कुंडीत झकास फुटला. तो त्यांनी अंगणात हलवला, तोही भर मे महिन्यात. आपल्या परभणीचं ऊन! मी विचारलं, आत्ताच कशाला?

"बदल्या मेमध्येच होतात," साहेब म्हणाले.

चार दिवसांत पानांचा पापड झाला. वहिनींनी गड्डा उपटून टाकला. साहेबांनी शेरा मारला, "नवीन जागी रुजूच झाला नाही."

*

राहिला सोपानरावांचा. त्यांनी विहिरीजवळ लावला, तरारला. त्यात बोरीचे जावई मुक्कामाला आले. घरच्यांनी खायचा अळू समजून पानांच्या वड्या केल्या. जावयांचा घसा असा धरला की दोन दिवस तोंडातून शब्द नाही.

"लय शांततेत गेले दोन दिवस," सोपानराव म्हणाले. पण लेकीनं रागानं झाड मुळासकट उपटून उकिरड्यावर पेटवून दिलं.

*

श्रावण लागला. बाईंचा फोन आला, रविवारी येते. नर्सरीतून दुसरं आणावं, असं साहेबांनी सुचवलं. बाई ओळखतील, मी म्हणालो. खरं सांगायचं ठरलं. कोणी सांगायचं, यावर शनिवार गेला.

रविवारी सकाळी साहेबांकडं जमलो. सोपानराव हात धुवायला न्हाणीमागं गेले आणि तिथूनच ओरडले, "साहेब, इकडं या!"

मोरीच्या पाण्यावर हत्तीकान उभा होता. सुपाएवढी पाच पानं, बुडाशी चार पिल्लं. वहिनींनी मे महिन्यात टाकलेला गड्डा!

बाई आल्या. पानावरून हात फिरवत म्हणाल्या, "मोरे साहेब, छान लावलंत हो."

साहेब घसा साफ करायला लागले. सोपानरावांना राहवलं नाही. "लावल्यालं न्हाई बाई, फेकल्यालं हाय."

बाई हसायला लागल्या. "मी तरी कुठं लावलं होतं? कुणीतरी गड्डा आणून दिला, हाताला खाज सुटली, दिला टाकीमागं भिरकावून."