मामीला कळलेलं लॉजिक

मे महिन्यात, पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायच्या आत, मी वेंगुर्ल्याहून पडावात बसले आणि पडावातून मुंबईच्या आगबोटीत चढले. आईबाबा किनाऱ्यावर राहिले. बाबा म्हणाले होते, "नापास झालंस तर परत येवचा."

गावी राहिलेली आणि माझ्यामागून मुंबईला आलेली भावंडं अजून विचारतात, तू टिकलीस कशी? त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मरोळला मामाच्या दोन खोल्या होत्या. मागे विहीर आणि भाताची खाचरं, त्यामुळे मला ते शहर वाटतच नसे. शहर होतं ते कॉलेजात. तिथं सगळं इंग्रजीत चाले आणि मी मराठी शाळेतली. सर बोलत ते मी उतरवून घेई आणि घरी येऊन पाठ करी. पहिलं वर्ष त्यावर निभावलं. दुसऱ्या वर्षी, इंटरच्या प्रिलिमला मात्र लॉजिकमध्ये शंभरात अकरा मार्क पडले.

प्रिलिमला फार मागे पडलेल्यांचा युनिव्हर्सिटीचा फॉर्म कॉलेज अडवून ठेवी. फॉर्म गेला नाही तर परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही तर मला वेंगुर्ल्याची बोट. पालकांना घेऊन या, असा निरोप आला. मामाला सांगायचा धीर होईना. मामीला सांगितलं. ती दुसऱ्याच दिवशी ठेवणीतलं लुगडं नेसून निघाली.

प्रिन्सिपॉलांपुढे ती ठेवणीतलं मराठीही बोलली. "अभ्यास करते ती. सगळं पुस्तक तोंडपाठ आहे. मी रोज ऐकते ना!"

"पाठ आहे हो. कळलेलं नाही."

मामी माझ्याकडे वळली. "खरा काय गो?"

मी मान डोलावली आणि ती परत प्रिन्सिपॉलांकडे वळली.

"मग किती दिवस देता, साहेब?"

"पंधरा."

"तीन आठवडे करा." कोळणीशी बोलावं तशी ती बोलली.

प्रिन्सिपॉल हसले. तीन आठवड्यांनी लॉजिकचे सर तोंडी परीक्षा घेतील, असं ठरलं. तोवर मी रोज एक धडा घरी समजावून सांगायचा आणि ऐकणाऱ्याला कळला तरच त्यानं वहीत उदाहरणाखाली सही करायची. "सही येते ना?" त्यांनी विचारलं.

"चौथी पास आहे मी," मामी म्हणाली.

त्या संध्याकाळी मामी विळीवर बोंबील साफ करत होती. मी पुस्तक उघडलं आणि पहिलं वाक्य मराठीत सांगितलं. "सर्व माणसे मर्त्य आहेत."

"म्हणजे?"

"सगळी माणसं मरतात."

"तिन्हीसांजेक ह्या काय बोलतंस! दुसरा सांग."

पुस्तकात दुसरं नव्हतं. मी समोरच्या परातीकडे बघितलं. "बरं. सगळे बोंबील मासे आहेत. म्हणून सगळे मासे बोंबील आहेत."

मामी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. "म्हणजे सुरमय पण बोंबील? कोळणीक सांग, कोयतो घेवन येतली अंगावर!"

पेपरात मी हेच लिहिलं होतं, इंग्रजीत, सुवाच्य अक्षरात. पहिल्यांदाच मला माझी चूक दिसली आणि मग मलाही हसू आवरेना.

पुढे उदाहरणांत माशांच्या जोडीला विहीर आली, शेजारणी आल्या, मामाचं घोरणंही आलं. काही दिवस मामी सही द्यायची नाही. "माका कळाक नाय. म्हणजे तुका पण नाय. परत सांग." तेव्हा तिचा राग येई.

तोंडी परीक्षेत सरांनी उदाहरण मागितलं. मी इंग्रजीतून बोंबील सांगितले. "पुस्तकातलं का नाही सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"मामी तिन्हीसांजेला ते बोलू देत नाही, सर."

सर खुर्चीत मागे टेकून हसले आणि त्यांनी अडवलेल्या गठ्ठ्यातून माझा फॉर्म वर काढला.

निकालाच्या दिवशी वर्तमानपत्रात माझा नंबर थर्ड क्लासात होता. मामीनं आळीभर पेढे वाटले. बाबांचं पत्र आलं, त्यात एकच शब्द होता : राहा.

मी राहिले. पुढे कॉलेजात शिकवलं. नापास झालेलं कोणी समोर आलं की मी आधी विचारी, घरी तुझं ऐकणारं कोण आहे?

मरोळची खाचरं कधीच बुजली. मामी गेल्या महिन्यात गेली. घर कुठलं असं कोणी विचारलं की मी वेंगुर्ला सांगते, पण डोळ्यांपुढे ती विळी येते. वही माझ्यापाशी आहे. तीत मामीच्या सतरा सह्या आहेत. माणसांचं ते वाक्य तीत कुठेच नाही.