घेता न येणारी बाई

आमच्या मिझो डोंगरांतल्या बायका रोज चुलीवर भात चढवण्याआधी मूठभर तांदूळ देवाच्या कामासाठी बाजूला काढतात. त्या मुठींच्या जोरावर आमच्या चर्चच्या मंडळीने झोछुआनीला दूर अरुणाचलात, पायवाट संपते तिथल्या एका गावात धाडलं. येशूचं नावही तिथे कुणाच्या कानावर पडलेलं नव्हतं. झोछुआनी सुईणकाम शिकलेली, हाडापेराने मजबूत आणि हट्टी. हट्टी नसती तर जळवांना कंटाळून केव्हाच परतली असती.

त्लॉमङाइना हा शब्द आमच्यात आईच्या दुधाबरोबर पाजतात. दुसऱ्यासाठी राबायचं आणि त्याने आभार मानायच्या आत पसार व्हायचं. मिझो माणसाला परक्याच्या पानावर बसवणं म्हणजे रानमांजराला आंघोळ घालणं. झोछुआनी तर या बाबतीत चार पावलं पुढेच. तिने गावातली बाळंतपणं केली, तापाने फणफणलेली माणसं पाठीवर वाहिली, म्हाताऱ्यांच्या दारात लाकडं टाकली. कुणी कोंबडी आणली की म्हणायची, "राहू दे, तुमच्याच लेकरांना घाला." अंडी परत, कंद परत, हाताने विणलेली शालसुद्धा परत. रविवारी अंगणात उभी राहून सांगायची, "देवाने आपला पुत्र आपल्याला दिला. फुकट. आपण फक्त घ्यायचं." लोक ऐकायचे, जांभई दाबायचे आणि उठून जायचे.

कापणी तोंडावर आली तेव्हा गावबुढा, म्हणजे गावचा मुखिया, ओलिक तिच्या दारात आला. "बाई, भात घरात आला की तू तुझ्या मुलखात जा. गावाने ठरवलंय."

"माझं काय चुकलं?"

"काहीच नाही," ओलिक कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "तुझं कधी काही चुकतच नाही." आणि निघून गेला.

झोछुआनीच्या पायाखालची जमीन सरकली. ती शेजारच्या यामिक म्हातारीकडे गेली. तिचा नातू झोछुआनीच्याच हातांवर जन्मला होता. "आई, तू तरी सांग. गाव माझ्यावर का रुसलंय?"

यामिक सुपात नाचणी पाखडत होती. ती थांबली नाही. "देतो आणि परत काही घेत नाही, असं आम्ही फक्त मेलेल्यांशी वागतो, पोरी. थडग्यावर भात ठेवतो आणि घरी येतो. तू इतकी वर्षं आमच्या दारात ठेवून जातेस."

"पण मला काही नकोच होतं."

"तेच ना. तुझ्या लेखी आमचं काही घ्यायच्या लायकीचंच नाही." म्हातारीने सूप खाली ठेवलं. "आणि वर आम्हाला सांगतेस, देव देतोय, घ्या. आधी तू घेऊन दाखव. तुला साधी कोंबडी घेववत नाही, आम्ही देवाचा पोरगा कसा घ्यावा?"

झोछुआनीला संताप आला, कारण म्हातारीचं खरं होतं. सगळा डोंगर ज्याच्याकडे आदराने बघतो त्या आपल्या गुणाच्या आड केवढा ताठा दडून बसला होता, हे तिला तिथे सुपापाशी दिसलं. घरी जाऊन तिने डोळे मिटून प्रार्थना केली. मदत मागायची नव्हती, मागण्याचं धैर्य मागायचं होतं.

दुपारी ती ओलिकच्या खांबांवर उभ्या घराची शिडी चढली. चुलीभोवती सगळे जेवायला बसले होते. तिचे कान तापले. आयुष्यात कधी न म्हटलेलं वाक्य ती म्हणाली, "भूक लागलीय. मला जेवायला घाला."

ओलिकच्या बायकोने केळीच्या पानावर भात, बांबूचे कोंब आणि धुरावलेलं मांस वाढलं. झोछुआनी मान खाली घालून जेवली.

"अजून?" ओलिकने विचारलं.

नको, हा शब्द जिभेवर तयारच होता. तिने तो गिळला. "वाढा."

ओलिकने स्वतःच्या हाताने तिच्या पानावर भात वाढला. "उद्या माझ्या शेतावर कापणीला ये," तो म्हणाला. "मग आम्ही तुझं गळकं छप्पर शाकारू. पावसाळ्यात काय भिजत बसणार आहेस?" मग मांडी नीट घालून म्हणाला, "आणि तो तुझा फुकट देणारा देव. त्याचं काय ते आता सांग. घाई नको, जेवता जेवता."

तिने सांगायला तोंड उघडलं, पण डोळेच आधी वाहू लागले. ओलिकच्या बायकोला वाटलं, मिरची लागली. तिने पाण्याचं बांबूचं नळकांडं पुढे केलं, आणि झोछुआनीने तेही दोन्ही हातांनी घेतलं.